ब्रेसेस काढल्यानंतर दातांची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारा निघाल्या की उपचार संपले असं वाटणं साहजिक आहे. दीड-दोन वर्षं तोंडात धातू बाळगल्यावर कुणालाही सुटल्यासारखंच वाटेल. पण दात सरळ करणं हा उपचाराचा अर्धा भाग, आणि ते सरळ ठेवणं हा उरलेला अर्धा. या दुसऱ्या भागात डॉक्टरांपेक्षा तुमच्या हातात जास्त असतं. काही वर्षांनी दात पुन्हा वाकडे झाले म्हणून जे परत येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, असतो. फक्त तो घालणं कधीतरी सुटलेलं असतं. म्हणून या पानावर रिटेनरबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे. आपल्याला हवा तो प्रश्न शोधून वाचलात तरी चालेल, पण पहिले दोन प्रश्न सगळ्यांनी वाचावेत.

एवढी वर्षं तारा लावून सरळ केलेले दात पुन्हा का सरकतात?

दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. तारेचा ताण बसला की ज्या बाजूला दात दाबला जातो तिथलं हाड झिजतं आणि ज्या बाजूने तो सुटतो तिथे नवं हाड तयार होतं. दात सरकतो तो असा. तारा निघतात त्या दिवशी हे नवं हाड अजून कोवळं असतं, आणि हिरडीतले तंतू जुन्या जागेकडे ओढत असतात.

मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी नीट जुळायला साधारण 3 ते 4 महिने लागतात. हिरडीतल्या कोलॅजेनच्या तंतूंना 4 ते 6 महिने. हिरडीतले लवचिक तंतू सगळ्यात चिवट. त्यांचा ताण जायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणूनच जो दात मुळात स्वतःभोवती फिरलेला होता आणि तारेने सरळ केला, तो परत फिरण्याची शक्यता जास्त असते. पुढच्या दोन दातांमधली बंद केलेली फटही अशीच परत उघडू पाहते.

याशिवाय आणखी एक कारण आहे आणि त्याचा ब्रेसेसशी संबंध नाही. वय वाढतं तसे खालचे पुढचे दात हळूहळू दाटीवाटीने बसू लागतात. ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत, त्यांचेही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रिटेनर बंद केल्यानंतर किमान 10 वर्षं उलटलेले 65 रुग्ण तपासले होते. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक राहिली नव्हती. त्यांचे उपचार चुकले होते असा याचा अर्थ नाही. दात आयुष्यभर थोडेथोडे सरकतच असतात.

मग रिटेनर नेमका किती दिवस घालायचा?

बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) सुरुवातीचे 3 ते 6 महिने खाणं आणि ब्रश करणं सोडून जवळजवळ दिवसभर घालायला सांगतात, त्यानंतर फक्त रात्री. काही जण पहिल्या दिवसापासून फक्त रात्रीच घालायला सांगतात आणि अनेकांना तेवढंही पुरतं. तुमच्या दातांची आधीची अवस्था तुमच्या डॉक्टरांनी पाहिलेली आहे, त्यामुळे मैत्रिणीला काय सांगितलं यापेक्षा तुम्हाला काय सांगितलं ते धरून चाला.

आणि रात्रीचं घालणं कधी थांबवायचं? वरची कारणं पाहिलीत तर उत्तर आपोआप मिळतं. दात सरळ राहावेत अशी इच्छा असेपर्यंत रात्री रिटेनर घालावा. दोन वर्षं घातला, आता दात पक्के झाले, असं मी कुणालाही सांगणार नाही. ऐकायला हे जड वाटतं, पण रात्रीचा रिटेनर एकदा अंगवळणी पडला की त्याची आठवणही राहत नाही.

हॉली, पारदर्शक आणि मागे चिकटवलेली तार, यांत फरक काय? कोणता रिटेनर चांगला?

हॉली रिटेनर म्हणजे टाळूला बसणारा ॲक्रिलिकचा तुकडा आणि पुढच्या दातांवरून जाणारी तार. चार्ल्स हॉली यांच्या नावाने तो शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे, आणि अजून टिकून आहे याला कारण आहे: तो दणकट असतो, तार थोडी वाकवून दुरुस्त करता येतो आणि दाढा त्यात एकमेकांवर नीट टेकतात. तोटा एवढाच की तो दिसतो आणि सुरुवातीला बोलणं थोडं अडखळतं.

पारदर्शक रिटेनर दातांच्या साच्यावर पातळ प्लास्टिक गरम करून, दाबून बनवतात. दिसत नाही, बोलायला सोपा, पुढच्या दातांना घट्ट धरतो. पण झिजतो, तडकतो, पिवळा पडतो आणि काही काळाने बदलावा लागतो. दात खाणाऱ्यांचा तर फार लवकर फाटतो.

तिसरा प्रकार पक्का रिटेनर. पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, साधारण एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, बारीक पीळदार तार कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणीच्या मसाल्याने) चिकटवतात. घालायची आठवण ठेवावी लागत नाही हा मोठा फायदा, पण स्वच्छता जिकिरीची होते. खालच्या दातांची दाटी मुळात जास्त असेल किंवा पुढची मोठी फट बंद केली असेल, तर मला पक्की तार आणि तिच्याबरोबर रात्रीचा काढता-घालता येणारा रिटेनर अशी जोडी सगळ्यात भरवशाची वाटते.

रिटेनर घातल्यावर बोबडं बोलल्यासारखं होतं आणि लाळ फार सुटते. हे जाईल का?

जाईल. जीभ नव्या वस्तूला काही दिवसांत सरावते. मोठ्याने वाचन केलं तर लवकर. बोलताना अडखळतं म्हणून दिवसा काढून ठेवू नका, त्यामुळे सवय व्हायला उलट जास्त वेळ लागतो.

रिटेनर स्वच्छ कसा करायचा? त्याला वास येतो.

तोंडातून काढलात की लगेच धुवा. लाळ वाळली की तिच्यातले जंतू आणि क्षार प्लास्टिकला चिकटून बसतात आणि वासाची सुरुवात तिथूनच होते. साधं किंवा कोमट पाणी, मऊ ब्रश आणि थेंबभर सौम्य द्रव साबण एवढं रोजच्यासाठी पुरतं. पारदर्शक रिटेनरला टूथपेस्ट लावू नका. पेस्टमधल्या बारीक कणांनी प्लास्टिकवर ओरखडे येतात, ते धुरकट दिसू लागतं आणि त्या ओरखड्यांत जंतूंना घर मिळतं.

गरम पाणी मात्र अजिबात नको. उकळून निर्जंतुक करायचा विचार अनेक आयांच्या मनात येतो आणि त्यात काळजीच असते, पण उष्णतेने प्लास्टिक वाकतं. डोळ्यांना फरक दिसला नाही तरी दातांना तो लगेच जाणवतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही रिटेनर ठेवू नका.

पांढरा कडक थर बसला असेल तर कवळी किंवा रिटेनर धुवायची गोळी पाण्यात टाकून त्यात पाकिटावर लिहिलेला वेळ बुडवून ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच किंवा अल्कोहोल असलेलं माउथवॉश वापरू नये. थर तरीही निघत नसेल तर टोकदार वस्तूने खरवडू नका, तपासणीला जाल तेव्हा सोबत घेऊन जा.

रिटेनर घालून काही खाल्लं-प्यायलं तर चालतं?

पाणी चालतं. बाकी सगळ्यासाठी काढा. गोड किंवा आंबट पेय पारदर्शक रिटेनरच्या आत शिरलं की ते दातांना चिकटून राहतं आणि लाळ तिथे पोचून ते धुऊन काढू शकत नाही. दात किडायला यापेक्षा सोयीची परिस्थिती नाही. दिवसभर रिटेनर घालून थोड्या थोड्या वेळाने सरबत किंवा सोडा पिण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. चहा-कॉफीने रिटेनर रंगतो, आणि ती गरम असली तर वाकतोही.

खाताना काढलेला रिटेनर थेट डबीत ठेवा. कागदी रुमालात गुंडाळलेले रिटेनर उष्ट्या ताटाबरोबर कचऱ्यात जातात. हरवण्याची सगळ्यात नेहमीची गोष्ट हीच. घरात कुत्रा असेल तर उशाशीही ठेवू नका, त्यांना तो वास आवडतो.

चार-पाच दिवस घालायचा राहिला. आता घट्ट बसतोय. काय करू?

घट्ट वाटतो पण पूर्ण बसतो, असं असेल तर घाला आणि काही दिवस नेहमीपेक्षा जास्त वेळ घाला. दात थोडे सरकलेले असतात, ते परत येतात आणि दुखणं कमी होतं. रिटेनर घट्ट लागणं म्हणजे दात हलल्याची खूण आहे, तेवढी दखल घ्या.

पण तो पूर्ण बसतच नसेल, एखाद्या ठिकाणी दात आणि प्लास्टिक यांच्यात फट दिसत असेल, तर चावून बळेच बसवू नका. दाताला इजा होऊ शकते आणि रिटेनरही तुटू शकतो. डॉक्टरांना दाखवा, जितक्या लवकर तितकं काम सोपं.

हरवला किंवा तुटला तर?

त्याच दिवशी फोन करा. पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नका. ब्रेसेस नुकत्याच निघालेल्या असतील तर एक-दोन आठवड्यांतही दात सरकतात. तुमच्या दातांचं शेवटचं माप क्लिनिकमध्ये साच्याच्या किंवा डिजिटल स्कॅनच्या रूपात असेल आणि दात सरकलेले नसतील, तर त्यावरून नवा रिटेनर बनवता येतो. तारा काढल्या त्या वेळची स्कॅन फाइल मागून घेऊन स्वतःजवळ जपून ठेवा असं मी आवर्जून सांगेन. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी ती उपयोगी पडते.

दातांमागे चिकटवलेली तार आहे. तिथे फ्लॉस कसा करायचा?

तारेमुळे फ्लॉस वरून सरळ खाली जात नाही, तो तारेच्या खालून ओवावा लागतो. त्यासाठी प्लास्टिकची सुईसारखी फ्लॉस थ्रेडर मिळते, किंवा एक टोक कडक असलेला फ्लॉस मिळतो. टोक तारेच्या खाली, दोन दातांच्या मधून घाला, फ्लॉस ओढा, आधी एका दाताला घासून हिरडीच्या कडेपर्यंत न्या, मग दुसऱ्या दाताला. पहिल्या आठवड्यात वेळ लागतो, हाताला सवय झाली की दोन-तीन मिनिटांत होतं. फटी मोठ्या असतील तर दातांमध्ये घालायचा बारीक ब्रश सोपा पडतो. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्रही चांगलं, मात्र ते फ्लॉसची जागा पूर्णपणे घेत नाही.

ही मेहनत विशेषतः खालच्या तारेसाठी आवश्यक आहे. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं खालच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे उघडतात. त्या लाळेतले क्षार तिथे भराभर साचतात आणि किटण बनतं. तार असेल तर ते तिच्याभोवती आणखीच जमतं. एकदा कडक झालेलं किटण ब्रशने निघत नाही, त्यासाठी स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून सफाई, करावं लागतं. स्केलिंगने दात सैल होतात ही भीती मनातून काढून टाका. किटणामुळेच हिरडी आणि हाड खराब होतं.

पक्की तार सुटली आहे हे कसं कळतं?

जिभेला खरखर लागते, तारेचं टोक टोचतं, किंवा एकच दात थोडा सैल वाटतो. अनेकदा मात्र काहीच कळत नाही. एका दातावरचं कॉम्पोझिट निघतं, तार जागेवरच दिसते आणि तो दात मात्र हळूहळू सरकू लागतो. आठवड्यातून एकदा लहान आरसा धरून उजेडात प्रत्येक दातावरचा ठिपका पाहा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. क्वचित तार कुठूनही न सुटता, नुसती पिळली किंवा वाकली जाऊन दातांना चुकीच्या दिशेने ढकलू लागते. एखाद्या दाताचं मूळ हिरडीतून उठून दिसायला लागलं, शेजारच्या दोन दातांची उंची किंवा कल वेगळा दिसायला लागला, तर तार घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लगेच दाखवा. कडक फळं किंवा सुकामेवा पुढच्या दातांनी फोडू नये, तो दाढांनी चावावा. पेनाचं टोपण चावण्याची सवयही सोडावी.

तारा निघाल्यावर दातांवर खडूसारखे पांढरे डाग दिसले. हे काय आहे?

ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या) कडेने अन्न आणि जंतूंचा थर साचून राहतो. त्या जंतूंनी तयार केलेल्या आम्लाने इनॅमलमधला (दाताच्या बाहेरच्या कडक थरातला) कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साठा कमी झाला की तिथे पांढरा, निस्तेज डाग दिसतो. ही किडीची पहिली पायरी असते, पण अजून खड्डा पडलेला नसतो, म्हणून ती थांबवता येते.

पहिले काही महिने धीर धरा. ब्रॅकेट निघाल्यामुळे थर साचायची जागा गेली, आता लाळेतले क्षार हळूहळू इनॅमलमध्ये परत शिरतात. दिवसातून दोनदा 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करा, नंतर पेस्ट थुंकून टाका पण पाण्याने खळखळून गुळण्या करू नका. फार तीव्र फ्लोराइड पुढच्या दातांच्या डागांवर स्वतःच्या मनाने लावू नका. त्याने डागाचा वरचा पापुद्रा लवकर बंद होतो, आतला भाग तसाच राहतो आणि डाग कायमचा दिसत राहतो. दुधातल्या प्रथिनापासून बनवलेली कॅल्शियमची क्रीमही काही डॉक्टर देतात. दुधाची ॲलर्जी असेल तर ती वापरू नये.

सहा महिन्यांनीही डाग खुपत असतील तर पातळ रेझिन आत मुरवणं किंवा वरचा अगदी सूक्ष्म थर घासून काढणं असे उपाय आहेत. दोन्हींत दात कोरावा लागत नाही. डाग खरखरीत किंवा तपकिरी झाला, किंवा खड्डा जाणवला, तर मात्र वाट पाहू नका.

दात पिवळट दिसतात. लगेच पांढरे करून घेऊ का?

थोडं थांबा. आधी स्केलिंग आणि पॉलिशिंग करून घ्या. पुष्कळदा तो रंग वरवरचा असतो आणि ब्रॅकेटची उरलेली चिकटीही पिवळी पडलेली असते. इनॅमल आणि हिरड्या शांत व्हायला काही आठवडे ते काही महिने जाऊ द्या. पांढरे डाग असतील तर व्हाइटनिंगने सुरुवातीला ते अधिकच उठून दिसू शकतात. लिंबू, खायचा सोडा, कोळशाची पूड यांनी दात घासू नका. इनॅमल एकदा झिजलं की परत येत नाही.

हिरड्या सुजलेल्या आणि दातांवर चढलेल्या दिसतात.

ब्रेसेस असताना हे खूप जणांना होतं. नीट ब्रश आणि फ्लॉस सुरू झाला की बहुतेकांची सूज काही आठवड्यांत ओसरते. ब्रश करताना रक्त आलं म्हणून ती जागा टाळू नका, तिथेच हलक्या हाताने जास्त लक्ष द्या. दोन-तीन महिन्यांनीही हिरडी जाड राहिली तर वाढलेला भाग छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतो.

दात थोडे हलतात, थंड लागतं आणि एके ठिकाणी खरखरीत वाटतं.

थोडं हलणं आणि थंड लागणं काही आठवड्यांत कमी होतं. संवेदनशील दातांची पेस्ट तोवर मदत करते. खरखरीत भाग बहुधा उरलेली चिकटी असते. ती नखाने किंवा पिनेने काढू नका, डॉक्टर पॉलिश करून देतात. एकच दात जास्त हलत असेल किंवा चावताना दुखत असेल तर दाखवा.

दोन दातांच्या मध्ये हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसतो. आधी नव्हता.

आधी दात एकमेकांवर चढलेले होते, त्यामुळे तो दिसत नव्हता. दात सरळ झाले की त्रिकोणी आकाराच्या दातांमध्ये हिरडीपाशी जागा उघडी पडते. मोठ्या वयात ब्रेसेस लावलेल्यांना हे जास्त दिसतं. डॉक्टर दातांच्या कडा किंचित घासून किंवा कॉम्पोझिट लावून ती जागा कमी करू शकतात.

अक्कलदाढ येतेय. ती पुढच्या दातांना ढकलेल का? काढून टाकू?

हा समज फार जुना आहे. अक्कलदाढेमुळे पुढचे दात दाटतात असं म्हणायला ठोस आधार नाही. अक्कलदाढा नसलेल्यांचेही खालचे दात दाटतात. केवळ रांग बिघडू नये म्हणून निरोगी अक्कलदाढ काढू नये. दुखत असेल, वारंवार सूज येत असेल, किडली असेल किंवा शेजारच्या दाढेला इजा करत असेल तर काढावी लागते.

दात थोडे सरकले आहेत. पुन्हा ब्रेसेस लावाव्या लागतील?

लहानसा फरक असेल तर कधी नवा रिटेनर, कधी थोड्या पारदर्शक अलाइनरवर (दात हळूहळू सरकवणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांवर) काम भागतं. इंटरनेटवर पाहून दातांभोवती रबर बँड अडकवून फट बंद करायचा प्रयत्न मात्र कधीही करू नका. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे रबर घसरून हिरडीखाली शिरतं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड खात जातं. अशाने चांगले पुढचे दात कायमचे गमावलेले रुग्ण दंतवैद्यकात नोंदलेले आहेत.

खेळताना आणि एमआरआयच्या वेळी काय करायचं?

धक्काबुक्कीच्या खेळात रिटेनर काढा आणि माउथगार्ड घाला. ब्रेसेस असतानाचा जुना माउथगार्ड आता बसणार नाही, नवा बनवून घ्या. एमआरआयआधी काढता येणारा रिटेनर काढून ठेवा, आणि मागे पक्की तार असेल तर तंत्रज्ञांना आधीच सांगा. ती सहसा काढावी लागत नाही, पण डोकं किंवा चेहऱ्याच्या चित्रात तिची सावली येऊ शकते.

मुलगा रिटेनर घालायला टाळाटाळ करतो. रोज वाद होतो.

आधी तो टोचतो का, कुठे लागतो का ते विचारा. बऱ्याच मुलांची टाळाटाळ यातूनच सुरू होते, आणि क्लिनिकमध्ये पाच मिनिटांत तो कोपरा घासून देता येतो. डबी ब्रशच्या शेजारीच ठेवा, म्हणजे रात्रीच्या ब्रशला जोडूनच रिटेनर तोंडात जाईल. उपचाराआधीचे दातांचे फोटो क्लिनिकमध्ये असतात, ते त्याला स्वतःला पाहू द्या. तेवढ्याने जमलं नाही तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मुलगा रिटेनर घालणार नाही हे आधीच कळलं तर ते वेळेवर मागे पक्की तार चिकटवू शकतात.

तपासणीला किती वेळा जायचं?

पहिल्या वर्षात ऑर्थोडॉन्टिस्टकडे काही ठरावीक भेटी असतात, उदाहरणार्थ 1, 3, 6 आणि 12 महिन्यांनी. त्यानंतर वर्षातून एकदा. किडीसाठी आणि हिरड्यांसाठी नेहमीच्या दंतवैद्यांकडे साधारण सहा महिन्यांनी जावं, पक्की तार असेल तर त्यांना ती दाखवावी. प्रत्येक भेटीला रिटेनर सोबत न्या. तो दातांवर कसा बसतो हे पाहूनच दात हलले आहेत की नाही ते कळतं.